मूग, मूक आणि मोकळे बोल

आपले मत उघडपणे मांडण्याविषयी एखाद्या समाजाला काय वाटते हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याची भाषा तपासावी. मूग गिळून बसणे, मिठाची गुळणी धरणे, तोंडाला कुलूप लावणे, ब्र न काढणे, चकार शब्द न उच्चारणे. आपल्या मराठीत मौनाला किती रूपे आहेत! ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ या म्हणीत तर लादलेल्या मौनाचे सारे दुःख सामावले आहे. गावातील चार वाटा जेथे मिळतात तो चव्हाटा, म्हणजे सर्वांत मोकळी जागा. परंतु एखादी गोष्ट ‘चव्हाट्यावर आणली’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात नापसंतीच असते.

स्पष्ट बोलण्याच्या शब्दांची मात्र दोन घराणी आहेत. पहिल्या घराण्यात परखड, सडेतोड, रोखठोक, ठणकावणे, खडे बोल सुनावणे हे शब्द येतात. ‘रोखठोक’ हा बाजारातला शब्द. तेथे उधारी नाही. या शब्दांत बोलणाऱ्याचे बळ दिसते. दुसरे घराणे आहे मन मोकळे करणे, वाचा फुटणे, वाचा फोडणे यांचे. येथे बंद असलेले काहीतरी उघडते. आणि ‘वाचा फोडणे’ तर बहुधा दुसऱ्यासाठी असते. या दोन्ही घराण्यांचा इतिहास आमच्या करवीरनगरीत घडलेला आहे.

1881 साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज होते. राज्याचे कारभारी माधवराव बर्वे महाराजांचा छळ करीत आहेत, अशा आशयाचा मजकूर या पत्रांनी छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारे आरोप केले होते ती बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, परंतु फिर्याद मागे घेतली गेली नाही. जुलै 1882 मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून 26 ऑक्टोबरला ते सुटले. आरोपींच्या जामिनासाठी महात्मा जोतीराव फुले यांनी खटपट केली होती, हेही विसरता कामा नये. पुढे 25 डिसेंबर 1883 रोजी महाराजांचा अहमदनगरच्या किल्ल्यात दुर्दैवी अंत झाला. महाराजांविषयीची काळजी अनाठायी नव्हती. पुरावा मात्र खोटा होता.

या प्रकरणातून आम्ही एक धडा घेतो. निर्भीड असणे आणि खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठणकावून सांगितलेले असत्य हे असत्यच राहते. आणि चूक उमगल्यावर माफी मागणे हेही स्पष्टवक्तेपणाचेच अंग आहे. तुरुंगातून सुटल्यावर आगरकर काही मुके झाले नाहीत. मतभेद झाल्यावर त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि 1888 साली ‘सुधारक’ काढला. त्यांच्या लेखनाने चिडलेल्या सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी त्यांची लेखणी थांबली नाही.

दुसऱ्या घराण्याची कथा 1920 सालची. त्या वर्षी 31 जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. ज्यांना बोलूच दिले गेले नव्हते त्यांचा नायक, असे हे नाव. राजर्षी शाहू महाराजांनी या पत्राला 2500 रुपयांचे साहाय्य केले. त्यानंतर मार्च महिन्यात कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. तेथे स्वतः महाराज आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी लाभला आहे, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. सिंहासनावरील माणसाने बोलण्याची जागा दुसऱ्याला मोकळी करून देणे, ही घटना आम्हाला फार मोठी वाटते. याउलट, ‘मूकनायका’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. ज्या पत्राने उघड बोलण्यासाठी तुरुंगवास सोसला, त्यालाच दुसऱ्याचे बोलणे नकोसे व्हावे! आपला आवाज सर्वांनाच प्रिय असतो. कसोटी लागते ती दुसऱ्याच्या आवाजापाशी.

ही किंमत जुन्या काळापुरती राहिलेली नाही. 16 फेब्रुवारी 2015 रोजी याच शहरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यांची सर्वच मते आमची नव्हेत. तथापि, मताला उत्तर मतानेच द्यावे, हे सांगायला मत जुळावे लागत नाही.

आपल्या श्रद्धेत या विषयाला आरंभापासून स्थान आहे. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये ‘पार्रेसिया’ हा ग्रीक शब्द वारंवार येतो. सर्व काही मोकळेपणाने बोलणे हा त्याचा मूळ अर्थ. आपल्या बायबलमध्ये तो ‘धैर्य’ म्हणून येतो. पेत्र आणि योहान हे अशिक्षित, सामान्य पुरुष. पण न्यायसभेपुढे त्यांचे बोलणे ऐकून वडीलधारी मंडळी थक्क झाली. सुटून आल्यावर श्रद्धावंतांनी प्रार्थना केली ती संकट टळावे म्हणून नव्हे, तर बोलण्याचे धैर्य मिळावे म्हणून. मराठीतील दोन्ही घराणी या एका शब्दात एकत्र नांदतात.

1983 च्या धर्मसभा-विधिसंहितेतील 212 वे कलम सांगते, की धर्मसभेच्या हिताविषयीचे आपले मत धर्माधिकाऱ्यांना कळवणे हा श्रद्धावंतांचा हक्क आहे आणि प्रसंगी कर्तव्यही आहे. मात्र ते आदर राखून केले पाहिजे. 2014 च्या सिनडच्या प्रारंभी पोप फ्रान्सिस यांनी धर्माध्यक्षांना हाच ‘पार्रेसिया’ शब्द ऐकवला आणि त्याच्या जोडीला नम्रतेने ऐकण्याचा आग्रह धरला.

आता प्रश्न आपल्या धर्मग्रामाचा. सभेत मूग गिळायचे आणि मिस्सा संपल्यावर फाटकापाशी कुजबुजायचे, ही सवय आपल्यात नाही असे कोण म्हणेल? तिचा दोष केवळ लोकांना देऊन चालणार नाही. एखाद्याने हिशेब विचारला की कपाळाला आठ्या घालणारे आम्ही धर्मगुरूच अनेकदा लोकांच्या तोंडाला कुलूप लावतो. ‘भीड ही भिकेची बहीण’ असे आपले पूर्वज म्हणत. भिडेखातर गप्प बसणारे कुटुंब आणि भिडेखातर वाढलेले मौन म्हणजे एकमत असे समजणारा धर्मगुरू, दोघेही धर्मग्रामाला दरिद्री करतात.

पुढच्या सभेत कोणी उभे राहून नको असलेला प्रश्न विचारील, तेव्हा आम्हाला माणगावची आठवण व्हावी. आणि प्रश्न विचारणाऱ्याला 1882 ची व्हावी, म्हणजे तो आधी कागद नीट तपासून येईल.