दरिद्रगृहातील परिचारिका

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील ज्या रुग्णालयांची कीर्ती सर्वत्र पसरली होती, ती लोकवर्गणीवर चालत आणि बऱ्या होण्याजोग्या रुग्णांनाच आश्रय देत. ज्यांचा आजार लांबला, ज्यांचे वय झाले, किंवा दुखण्यातून उठूनही ज्यांच्या अंगी कष्टाची ताकद उरली नाही, अशा निर्धनांना अखेर दरिद्रगृहाचाच दरवाजा ठोठवावा लागे. तेथे त्यांची उस्तवार करणाऱ्या बायका त्याच दरिद्रगृहातील आश्रित असत; त्यांना पगार नव्हता, शिक्षण नव्हते, मोबदला म्हणून शिध्यात थोडी वाढ किंवा बिअर मिळे, आणि औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठीदेखील कित्येकींना वाचता येत नसे.

लिव्हरपूलचे दानशूर व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी १८६४ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना पत्र लिहून ब्राउनलो हिल येथील दरिद्रगृहासाठी शिक्षित परिचारिका मागितल्या आणि तीन वर्षांचा खर्च स्वतः सोसण्याचे कबूल केले. पुढच्या वर्षी अ‍ॅग्नेस जोन्स बारा परिचारिकांसह तेथे रुजू झाल्या. हजारावर रुग्ण, हाताखाली दारूच्या आहारी गेलेल्या मदतनिसांचा ताफा, आणि वर परिचर्येचे ज्ञान नसूनही प्रत्येक बाबतीत आपलाच हुकूम चालावा असा आग्रह धरणारे व्यवस्थापक, अशा कोंडीत या बाईंनी पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत राबून वॉर्डांना शिस्त लावली. अधिकाराचे तंटे विकोपाला जात, तेव्हा नाइटिंगेल लंडनहून पत्रे पाठवून त्यांना धीर देत व मार्ग सुचवीत. त्या भिंतींच्या आत आपल्या व्यवसायातील वडीलधाऱ्या व्यक्तीचा एवढाच आधार त्यांना होता. फेब्रुवारी १८६८ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, टायफस ज्वराने त्यांचा अंत झाला.

त्यांच्या आत्मार्पणाचे गुणगान पुष्कळ झाले आणि ते यथार्थच आहे. परंतु एका स्त्रीच्या देहावर सारी संस्था तोलून धरावी लागावी, ही गोष्ट मला त्या गुणगानाहून अधिक अस्वस्थ करते. खेड्यापाड्यांतील दरिद्रगृहांत तर एकच शिकलेली परिचारिका रात्रंदिवस तैनात असे. सल्ला विचारावा असे माणूस नाही, आजारी पडल्यास बदली नाही, म्हातारपणाची तरतूद नाही. म्हणून लुइसा ट्वायनिंग यांच्या पुढाकाराने १८७९ साली दरिद्रगृहांना शिक्षित परिचारिका पुरविण्यासाठी जी संस्था निघाली, तिचे मोल मी फार मानतो. १८८७ साली हेन्री बर्डेट यांच्या खटपटीने परिचारिकांचा पेन्शन फंडही उभा राहिला. परिचारिकेने आपल्या मिळकतीतून थोडी रक्कम भरावी आणि धनिकांच्या देणग्यांतून तिच्यात भर पडावी, अशी ती योजना होती. वार्धक्यात आपल्यालाच दरिद्रगृहात खाट धरावी लागेल, ही धास्ती जिच्या मनातून गेली, तिच्याच हातून दुसऱ्याची सेवा निश्चिंतपणे घडते.

पुढे १८९७ च्या सरकारी हुकुमाने आश्रितांकडून परिचारिकेचे काम घेण्यास मनाई झाली, आणि जेथे तीन किंवा अधिक परिचारिका असतील तेथे तीन वर्षांचे शिक्षण घेतलेली अधीक्षक परिचारिका नेमणे आवश्यक ठरले. मात्र तिच्यावरचा दरिद्रगृहाच्या मेट्रनचा अंमल तसाच राहिला. ही मेट्रन बहुधा परिचर्या न शिकलेली, आणि पुष्कळदा दरिद्रगृहाच्या व्यवस्थापकाचीच पत्नी असे. आजाऱ्याची कूस केव्हा बदलावी, चादरी किती द्याव्यात, येथपर्यंत वाद जात. १९१९ च्या कायद्याने परिचारिकांची नोंदणी सुरू झाली खरी, परंतु दरिद्रगृहांचा कारभार पाहणारी मंडळे १९३० मध्ये बरखास्त होऊन त्यांची रुग्णालये स्थानिक कौन्सिलांकडे वर्ग होईपर्यंत ही दुहेरी सत्ता अनेक ठिकाणी चालूच होती.