ओढ्यातले डायपर आणि कोणीच न विचारलेला तिसरा प्रश्न

मंडळी, आजचा विषय नाक मुरडायला लावणारा आहे. जेवण झालं असेल तर वाचा, पण वाचा नक्की.

मागच्या रविवारी आम्ही आठ-दहा जण मालेच्या ओढ्यात साफसफाईला उतरलो होतो. वेफरच्या पुड्या, बाटल्या, थर्माकोलच्या पत्रावळी हे सगळं अपेक्षितच होतं. पण पाच पोती भरली, आणि त्यातलं एक निव्वळ वापरलेल्या डायपरचं निघालं. पाणी पिऊन टम्म फुगलेले, फावड्यानं उचलायला गेलं की फाटून आतून जेली सांडणारे. त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटांत ठरलेली उत्तरं आली. "आजकालच्या पोरींना धुवायचा कंटाळा." "आमच्या वेळी कुठं होते डायपर?"

म्हणून ही पोस्ट. आमच्या वेळी काय होतं आणि डायपर आला कुठून, हे नीट बघितलं तर दोष पोरींवर टाकता येत नाही.

आमच्या वेळी बाळुती होती. आजीच्या जुन्या लुगड्याची, धोतराची, धुवून धुवून मऊ झालेली. बाळ जन्मायच्या आधीच घरात त्यांची चळत लावून ठेवायचे. सुती कापड, अंगाला हवा लागते, उन्हात वाळवलं की स्वच्छ. चांगलीच वस्तू होती. पण हे सगळं उन्हाळ्या-हिवाळ्यापुरतं. आपल्याकडचा पाऊस मी काय सांगू? ताम्हिणीच्या तोंडावरचं आपलं खोरं. जून लागला की चार महिने कपडा वाळत नाही. मग शेगडीत निखारे घालायचे, वर डालगं उपडं ठेवायचं आणि त्यावर बाळुती पसरायची. घरभर धूर, बाळुत्याला धुराचा वास, आणि तरी अर्धं ओलंच. तेच बाळाला गुंडाळायचं. मांड्यांना लाल चट्टे उठायचे. तान्ह्या बाळाला दिवसाला दहा-बारा बाळुती लागायची. ती ओढ्यावर नेऊन गार पाण्यात कोण धूत होतं? बाळंतीण, नाहीतर तिची सासू. माझ्यासकट घरातल्या एकाही पुरुषानं ती कधी धुतलेली मला आठवत नाही. "आमच्या वेळी" म्हणणाऱ्यांनी एवढं आठवून मग बोलावं.

हा त्रास फक्त आपल्याकडचा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाची एक आई रोजच्या ओल्या अंथरुणाला वैतागली होती. तिनं न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा कापून, मशीनवर शिवून कापडी लंगोटावर घालायची चड्डी बनवली. टाचणी बाळाला टोचू नये म्हणून टिचबटणं लावली. मोठ्या कंपन्यांनी तिला दारात उभं केलं नाही. १९४९ मध्ये एका दुकानानं ती चड्डी विकायला ठेवली आणि ती धडाधड खपली. १९५१ मध्ये तिला पेटंट मिळालं आणि दहा लाख डॉलरला तिनं ते हक्क विकले. पुढं तिनं कागदाचा, वापरून टाकायचा लंगोट सुचवला, तेव्हा मात्र कोणी ऐकलं नाही.

तो आणला प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या व्हिक्टर मिल्स या इंजिनिअरनं. नातवंडाचे लंगोट धुवायची पाळी आल्यावर या आजोबांना तो प्रश्न कळला! पहिला नमुना डॅलस शहरात ऐन उन्हाळ्यात दिला. वरून प्लास्टिकची चड्डी, बाहेर कडक ऊन, पोरं घामोळ्यांनी हैराण. नमुना साफ फसला. नवा करून १९६१ मध्ये पिओरिया नावाच्या गावात विकायला ठेवला, तर आयांना आवडला पण परवडेना. मग मशीनचा वेग वाढवून किंमत खाली आणली. लक्षात घ्या, पहिल्या दहा वर्षांत दोनच प्रश्न विचारले गेले: बाळ सुखात आहे का, आणि आईला परवडतं का.

आता त्या जेलीकडे येऊ. सुरुवातीच्या डायपरमध्ये लाकडाच्या लगद्याचा कापूसच असायचा. पाणी ओढायचा, पण बाळ त्यावर बसलं की पिळल्यासारखं परत सोडायचा. पाणी धरून ठेवणारी पावडर आली ती शेतीतून. त्याच पिओरियात अमेरिकेच्या शेती खात्याची प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी मक्याच्या पिठूळ स्टार्चला रसायनाची जोड देऊन स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी पिणारा पदार्थ बनवला. हेतू होता बियाणं आणि माती ओली राहावी हा. १९८० नंतर जपानी कंपन्यांनी याच जातीची पावडर डायपरमध्ये घातली आणि जाडजूड डायपर एकदम पातळ झाला.

आणि ही गोष्ट आपल्या पौड रस्त्याच्या टोकाशीही घडली आहे, हे किती जणांना माहीत आहे? पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं, म्हणजे आपल्या एनसीएलनं, १९८०च्या दशकात अशीच पाणी धरणारी पावडर केली होती. नाव 'जलशक्ती'. दुष्काळी भागात मुळाशी ओल टिकावी म्हणून. शेतात ती फारशी रुजली नाही. पण त्याच कुळातली पावडर आज परदेशी नावाच्या पाकिटातून आपल्या घराघरात आली आहे.

खोटं वाटत असेल तर घरी करून बघा. नवा डायपर फाडा, आतली पावडर वाटीत झटका, ग्लासभर पाणी ओता. काही वेळात जेली होईल, वाटी उलटी केली तरी पडणार नाही. आता त्यात चमचाभर मीठ टाका. जेली ढासळून पुन्हा पाणी सुटू लागेल. साध्या पाण्याच्या शेकडो पट पिणारी ही पावडर लघवीच्या मात्र तीस-चाळीस पटच पिते, कारण लघवीत क्षार असतात. डायपरमध्ये पावडर किती घालायची, कुठं घालायची, हे सगळं गणित त्यावर चालतं.

बाकीची रचनाही हुशारीची आहे. अंगाला लागणारा पहिला थर न विणलेल्या मऊ प्लास्टिक-कापडाचा, तो पाणी खाली जाऊ देतो. त्याखालचा थर पाणी एका जागी साचू न देता लांबवर पसरवतो, नाहीतर मधली पावडर फुगून वाट अडवते. मग लगदा आणि पावडर. मांडीपाशी उभ्या राहणाऱ्या झालरी, गळती थांबवायला. आणि बाहेर प्लास्टिक. त्यात खडूसारखी भुकटी मिसळून ते ताणतात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. वाफ बाहेर जाते, पाणी जात नाही. डॅलसच्या घामोळ्यांवरचं हे उत्तर.

आपल्याकडे हे यायला फार लांबून यावं लागलं नाही. हिंदुस्थान लिव्हर आणि किंबर्ली-क्लार्क यांच्या भागीदारीतला कारखाना आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या सणसवाडीत उभा राहिला. म्हणून आजही कुठल्याही कंपनीचा डायपर असो, दुकानात आपण "हगीज द्या" म्हणतो. आधी पुण्याच्या पाहुण्यांच्या पिशवीतून आले, मग किराणा दुकानात दोन-दोनची पाकिटं टांगली गेली. पिरंगुटच्या कंपनीत कामाला जाणारी आई बाळ सासूपाशी ठेवते. त्या सासूचे गुडघे दुखतात, तिला ओढ्यावर उतरवत नाही. तिला डायपर नको म्हणायचा हक्क कोणाला आहे? आमच्याही घरात दोन वर्षं डायपर वापरले. पावसाळ्यात तर देवासारखे वाटले.

पण हिशोब करा. दिवसाला पाच धरले तरी दोन वर्षांत ३,६५० होतात. ओला डायपर दीडशे ग्रॅमचा धरला तर एका बाळामागं अर्ध्या टनाहून जास्त कचरा. तो पेटत नाही, कारण आत पाणी. पुरला तर कुत्री उकरतात. खतात टाकला तर प्लास्टिक तसंच राहतं. मग रात्री गुपचूप ओढ्यात जातो, आणि ओढा शेवटी मुळेच्याच खोऱ्यात. शनिवार-रविवारचे पर्यटक गाडीच्या खिडकीतून टाकतात ते वेगळंच.

इथं तिसरा प्रश्न येतो, जो कोणी विचारलाच नाही: हा उचलणार कोण?

पुण्यात तो प्रश्न कचरावेचक बायांनी विचारला. हातानं हे वेगळं करणाऱ्या त्याच. २०१३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि 'स्वच्छ' यांच्या सभासदांनी वापरलेले सॅनिटरी पॅड गोळा करून थेट कंपन्यांना परत पाठवले. पुढं डायपर-पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, अशी मोहीम त्यांनी चालवली, म्हणजे हात लावायच्या आधी कळावं. २०१६च्या घनकचरा नियमांत तर स्पष्ट लिहिलं होतं: कंपन्यांनी पूर्ण पुनर्वापर होईल असा माल वापरता येतो का ते पाहावं, नाहीतर प्रत्येक पॅड-डायपर टाकायला पाकिटासोबत पिशवी द्यावी. तुमच्या घरच्या पाकिटात तशी पिशवी निघते का, आज बघा. पुण्यातल्याच 'पॅडकेअर' कंपनीनं वापरलेल्या पॅडमधला लगदा आणि प्लास्टिक वेगळं करून दाखवलं आहे. म्हणजे हे अशक्य नाही.

शहरात निदान उचलणारी बाई आहे. गावात ओढा आहे.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, गावच्या कचऱ्यात डायपर-पॅडसाठी वेगळा, झाकणाचा डबा, आणि तालुक्यातल्या गावांनी मिळून तो माल प्रक्रियेला पाठवायची सोय. दोन, रिसॉर्ट आणि फार्महाऊसनी आपल्या पाहुण्यांचा हा कचरा स्वतः बांधून द्यावा. तीन, पिशवीच्या नियमाबद्दल कंपन्यांना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला ग्रामसभेचा ठराव पाठवावा.

आणि घरात? उन्हाळ्यात दिवसा कापड, रात्री आणि पावसात डायपर, एवढं केलं तरी बरेच कमी होतील. टाकताना आतली घाण संडासात, डायपर घट्ट गुंडाळून कागदात, वर लाल ठिपका. आणि हे काम बाबा लोकांनी करायचं. बाळुती धुवायचं राहून गेलंय आपलं, ते असं फेडू.

ग्रामसभेला या. नुसतं लाईक करू नका.