कोल्हापूरचे अमेरिकन मिशन आणि समतेचा प्रश्न

कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे काम १८५२ साली रेव्ह. रॉयल गूल्ड वाइल्डर यांनी सुरू केले. शहरातील वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाने ओळखले जाते. वाइल्डर यांचा भर शाळांवर होता. मात्र ते ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी होते, त्याच्या बोस्टनमधील चालकांना शाळांवरचा खर्च आवरून उपदेशावर शक्ती लावायची होती. १८६०च्या सुमारास हा वाद विकोपाला गेला आणि वाइल्डर बोर्डातून बाहेर पडले. पुढे काही वर्षे त्यांनी कोल्हापुरात स्वतंत्रपणे काम चालवले आणि १८७०मध्ये ते प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे आले. या वादात कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळींचे मत निर्णायक नव्हते.

मिशनच्या समतेचा सर्वांत ठळक पुरावा मिरजेत मिळतो. याच मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी तेथे १८९४ साली रुग्णालय उघडले. त्याच वर्षी कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या शाहू महाराजांनी १९०२मध्ये नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. १९१९ साली त्यांनी सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, विहिरी आणि नदीचे पाणवठे यांवर कोणाचाही विटाळ मानू नये, असा आदेश काढला. त्यात मिरजेच्या मिशनमधील डॉ. व्हेल यांचे उदाहरण नावानिशी आहे: डॉक्टर सर्वांशी जसे सारख्या प्रेमाने वागतात, तसे संस्थानातही वागावे. आदेश पाळला न गेल्यास गावच्या पाटील-तलाठ्याला जबाबदार धरले जाणार होते. परक्या धर्माच्या डॉक्टरची वागणूक अशी थेट राज्यकारभाराचा दाखला झाली.

ज्या मिशनने शिवाशिव मोडली, त्याच्या स्वतःच्या रचनेत मात्र वर्णाची उतरंड होती. गोरे मिशनरी मिशनच्या बंगल्यात राहत. देशी पाळक, शिक्षक आणि घरोघरी बायबल सांगणाऱ्या ‘बायबलबाई’ हे त्यांच्या हाताखालचे कामगार असत. पैसा परदेशातून येई, म्हणून पगार, बदल्या आणि नेमणुका यांत मिशनरींचा शब्द चाले. दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात उरत नाही, ही प्रेषित पौलाची शिकवण गावोगाव सांगणाऱ्या देशी उपदेशकाला कारभारात बरोबरीचे स्थान नव्हते.

हा अंतर्विरोध सर्वांत तीव्रपणे जाणवलेल्या मराठी ख्रिस्ती विचारवंतांत रेव्ह. नारायण वामन टिळक अग्रभागी आहेत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी बराच काळ अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये काम केले. १९१७मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला. ख्रिस्ताचे शिष्यत्व पाश्चात्त्य संस्थेच्या ताब्याबाहेर, भारतीय वळणाने रुजावे, हा त्यांचा आग्रह होता. १९१९ साली त्यांचे निधन झाले.

जातीचा प्रश्नही बाप्तिस्म्याने संपला नाही. कोल्हापूर भागातील ग्रामीण ख्रिस्ती समाजात महार-मांग समाजांतून आलेली कुटुंबे बरीच होती. पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे मिशनचे एक प्रमुख केंद्र बनले. तेथे चर्च आणि रुग्णालय उभे राहिले. धर्म बदलला, तरी गाव त्यांना जुन्या जातीनेच ओळखत राहिले. १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती श्रोत्यांपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या समाजाच्या वर्मावर बोट ठेवले: शिक्षण मिळूनही तो राजकीय हक्कांसाठी संघटित झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर मिशनचा कारभार टप्प्याटप्प्याने भारतीयांकडे आला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि कोल्हापूर धर्मप्रांत त्याचा भाग झाला. गोऱ्या मिशनरींचा वरचष्मा संपला, पण जातीचा हिशेब बाकी राहिला. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. या प्रश्नाचा न्याय दोन ठिकाणी व्हायचा आहे: कायद्यात आणि चर्चमध्ये. सरकारकडे समान दर्जा मागणाऱ्या चर्चने आपल्या पदांवर, संस्थांत आणि सोयरिकींत जात किती उरली आहे, हेही तपासले पाहिजे. डॉ. व्हेल यांच्या वागणुकीने घालून दिलेली कसोटी चर्चलाही तितकीच लागू आहे.