चाकाबरोबर फिरलेले शब्द

भाषेंतील जे शब्द रोजच्या वापरांत असतात त्यांच्याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. ‘चाक’, ‘फेरा’, ‘वर्तन’, ‘भ्रम’, ‘वात’, ‘वाटोळें’ हे शब्द दिवसांतून कितीतरी वेळां आपल्या तोंडून निघतात. परंतु या सर्वांच्या मुळाशीं गोल फिरण्याची एकच क्रिया आहे, हें क्वचितच ध्यानांत येतें. या शब्दांचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे. तो केवळ व्याकरणाचा इतिहास नव्हे. माणसानें कोणकोणत्या वस्तु फिरविल्या, कोणत्या फिरतांना पाहिल्या, आणि त्यांवरून आपल्या सुखदुःखांसाठीं शब्द कसे बनविले, याचा तो इतिहास आहे.

आरंभ चाकापासून करूं. संस्कृत ‘चक्र’, प्राकृत ‘चक्क’ आणि मराठी ‘चाक’ ही परंपरा सरळ आहे. ‘सप्त’ शब्दाचें जसें ‘सत्त’ आणि पुढें ‘सात’ झालें, तसेंच हें. पण ‘चक्र’ शब्दाचा गोतावळा हिंदुस्थानाबाहेरहि पसरलेला आहे. फिरणें या अर्थाच्या एका प्राचीन धातूचें द्वित्व करून चाकाचें हें नांव बनलें, असें भाषाशास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. त्याच शब्दापासून ग्रीकांचा ‘कुक्लोस’ आणि इंग्रजांचा ‘व्हील’ निघाला. त्याचेंच इराणी रूप फारसींत ‘चर्ख’ झालें. या ‘चर्ख’वरून आपला ‘चरखा’ आला. ग्रीक ‘कुक्लोस’ लॅटिन, फ्रेंच व इंग्रजी असा प्रवास करून एकोणिसाव्या शतकांत ‘सायकल’ या नांवानें आपल्या दारीं उभा राहिला. म्हणजे चाक, चरखा आणि सायकल हीं तीन सख्खीं भावंडें. एक घरींच वाढलें, दुसरें इराणांतून आलें, तिसरें युरोपांतून. यांतील ‘आपला’ शब्द कोणता आणि ‘परका’ कोणता, याचा निवाडा वाटतो तितका सोपा नाहीं.

हे शब्द एकटे प्रवास करीत नाहींत, हेंहि येथें लक्षांत घ्यावें. वस्तु पुढें चालते आणि शब्द तिच्या मागून येतो. इसामी या कवीनें १३५० सालीं पुऱ्या केलेल्या ‘फुतूह-उस्-सलातीन’ या फारसी काव्यांत चरख्याचा उल्लेख आहे, आणि हिंदुस्थानांतील चरख्याच्या अगदीं जुन्या उल्लेखांत त्याची गणना होते. हा इसामी आपल्या दौलताबादेस राहिलेला आणि बहामनी राज्याच्या आश्रयास असलेला होता. पुढें हा चरखा घरोघर गेला आणि विसाव्या शतकांत तर राष्ट्रीय चळवळीचें चिन्ह झाला. १९३१ सालीं काँग्रेसनें स्वीकारलेल्या झेंड्यावर तो होता. २२ जुलै १९४७ रोजीं घटना समितीनें राष्ट्रध्वज निश्चित केला, तेव्हां चरख्याच्या जागीं सारनाथच्या अशोकस्तंभावरील चोवीस आऱ्यांचें चक्र आलें. चिन्ह बदललें, परंतु शब्दाच्या दृष्टीनें पाहिलें तर एका भावंडानें आपली जागा दुसऱ्याला दिली.

अशीच एक गंमत ‘चक्रीवादळ’ या शब्दाची आहे. हेन्री पिडिंग्टन नांवाचा इंग्रज गृहस्थ कलकत्त्यास राहून बंगालच्या उपसागरांतील तुफानांचा अभ्यास करी. तीं वादळें एका केंद्राभोंवतीं फिरतात, हें दर्शविण्यासाठीं त्यानें ‘कुक्लोस’वरून ‘सायक्लोन’ असा नवा शब्द बनविला आणि १८४८ सालच्या आपल्या ग्रंथांत तो रूढ केला. मराठीनें त्याला ‘चक्रीवादळ’ म्हटलें. ग्रीक शब्दाचें भाषांतर करतांना आपण त्याच्याच संस्कृत भावंडाला हांक मारली.

आतां लाक्षणिक अर्थाकडे वळूं. ज्याच्या रथाचें चाक कोठेंहि अडत नाहीं तो ‘चक्रवर्ती’. व्याजावर व्याज चढत जातें तें ‘चक्रवाढ’. बुद्धि जागच्या जागीं फिरूं लागली म्हणजे माणूस ‘चक्रावतो’. या सर्वांहून नवलाचा शब्द ‘सुख’ हा आहे. ऋग्वेदांत तो माणसाच्या मनःस्थितीस लावलेला नसून रथाचें विशेषण म्हणून येतो. ‘ख’ म्हणजे छिद्र, आंस जेथें बसतो तें चाकाचें भोंक. तें नीट असलें म्हणजे रथ सुरळीत चालतो, असा ‘सुख’ शब्दाचा उलगडा पुष्कळ पंडितांनीं केला आहे. ‘दुःख’ हा शब्द त्याच्या धर्तीवर मागाहून बनला. ज्या लोकांचें निम्मेंअधिक आयुष्य रथगाड्यांवर गेलें, त्यांना सुखाची याहून चांगली व्याख्या कोठें सांपडली असती?

फिरण्याचा दुसरा मोठा धातु ‘वृत्’. यापासून ‘वर्तुळ’ निघालें तसें ‘वर्तन’हि निघालें. माणूस ज्या रीतीनें चार लोकांत फिरतो तें त्याचें वर्तन. ‘वृत्त’ म्हणजे गोल आकृति, कवितेचा छंद आणि घडलेली हकीकतहि; म्हणून सकाळीं दारांत पडतें तें ‘वृत्तपत्र’. पुढें वळणें ती ‘प्रवृत्ति’, मागें वळणें ती ‘निवृत्ति’, आणि पुस्तक पुन्हां फिरून आलें कीं ती त्याची दुसरी ‘आवृत्ति’. हे झाले पंडितांच्या तोंडचे शब्द. पण हाच धातु प्राकृतांतून सामान्यांच्या घरांतहि शिरला. कापूस हातावर वळून केलेली ‘वर्ति’ ती निरांजनांतील ‘वात’. गाड्या ज्यावरून फिरतात तें ‘वर्त्म’ आपली ‘वाट’ झालें. ‘वर्तुल’ शब्दाचें ‘वाटोळें’ झालें, आणि पुढें त्याच्या नशिबीं ‘नाश’ हा अर्थ आला. आज ‘त्याचें वाटोळें झालें’ असें ऐकतांच गोल आकार कोणाच्याहि डोळ्यांपुढें येत नाहीं. लाक्षणिक अर्थानें मूळ अर्थाला घराबाहेर काढल्याचें हें ठळक उदाहरण होय.

तिसरा धातु ‘भ्रम्’. याची प्रकृति जरा चंचल आहे. ‘भ्रमण’ म्हणजे हिंडणें. पण ‘भ्रम’ म्हणजे चुकीची समजूत. फुलाभोंवतीं घिरट्या घालतो तो ‘भ्रमर’, आणि त्याचेंच मराठी रूप ‘भोंवरा’: मुलांच्या हातांतला, नदीच्या पाण्यांतला आणि डोक्यावरच्या केसांतलाहि. ‘भोंवळ’ त्याच कुळांतली, आणि एखाद्याला त्याचें कर्म फिरून गांठतें, तेव्हां तें त्याला ‘भोंवतें’. फिरणें आणि फसणें यांची ही सांगड उगाच पडलेली नाहीं. गरगर फिरणाऱ्या मुलाला स्थिर घर फिरतांना दिसतें, हा अनुभव तिच्यामागें आहे. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास हाच अनुभव आकाशाला लावला. नावेंतून पुढें जाणाऱ्या माणसास तीरावरील अचल वस्तु मागें जातांना दिसतात, त्याप्रमाणें स्थिर तारे पश्चिमेकडे जातांना दिसतात, असें त्यानें लिहिलें. आणि ४३,२०,००० वर्षांच्या महायुगांत पृथ्वीच्या १,५८,२२,३७,५०० फेऱ्या होतात, असें गणितहि दिलें. भ्रमण पृथ्वीचें आणि भ्रम पाहणाराचा! ब्रह्मगुप्तासारख्या थोर ज्योतिष्यानेंहि ६२८ सालीं हें मत खोडून काढलें, यावरून तो भ्रम किती बळकट होता हें दिसतें. आज शाळेंतील पुस्तकें पृथ्वीच्या स्वतःभोंवतीं फिरण्यास ‘परिवलन’ आणि सूर्याभोंवतीं फिरण्यास ‘परिभ्रमण’ असे दोन वेगळे शब्द देतात. शास्त्राला असा काटेकोरपणा लागतोच.

परंतु आपल्या बोलण्यांत रंग भरला तो शास्त्रानें नव्हे, तर परसांतल्या आणि माजघरांतल्या यंत्रांनीं. ‘रहाट’ हा संस्कृत ‘अरघट्ट’. अलिबाग-वसईकडील नारळी-पोफळीच्या वाड्यांना या रहाटानें पाणी देत असत. भरलेलीं गाडगीं वर येतात, ओतलीं जातात, आणि रिकामीं होऊन खालीं जातात. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या शेवटच्या अंकांत चारुदत्त दैवाच्या खेळाला विहिरीवरच्या अशाच गाडग्यांची उपमा देतो. आपण प्रपंचाला ‘रहाटगाडगें’ म्हणतों, त्यामागें एवढी जुनी परंपरा आहे. तेल्याचा घाणा ओढणारा बैल दिवसभर चालतो आणि सायंकाळीं सकाळच्याच जागीं असतो. म्हणून राबून राबून पुढें न सरकणारा माणूस ‘घाण्याचा बैल’ ठरला. तेंच तें पुन्हां सांगणाऱ्यास ‘तेंच दळण किती दळणार?’ असें आपण विचारतों.

हें दळण ज्यावर होई त्या ‘जात्या’चा इतिहास मात्र मनाला चटका लावणारा आहे. ‘जातें’ म्हणजे संस्कृत ‘यंत्र’च; ‘जंत’ या प्राकृत रूपांतून तें आपल्या घरीं आलें. शेंकडों वर्षें पहाटेच्या अंधारांत बायकांनीं तें ओढलें आणि त्याच्या फेऱ्यांवर ओवी म्हटली. माहेर, सासर, पांडुरंग, लेकराचें दुखणें, पावसाचें लांबणें, सारें काहीं त्या ओवींत आलें. पुढें पिठाची गिरणी आली. बायकांच्या हातांवरचे घट्टे गेले, हें फार चांगलें झालें. पण जातें थांबलें आणि ओवीहि थांबली. महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या अभ्यासकांनीं जमविल्या, त्या हा ठेवा नाहींसा होत चालला होता म्हणूनच. जात्याला घालवून दिलें तें यंत्रानें. म्हणजे एकाच शब्दाच्या एका रूपानें दुसऱ्याला.

लाक्षणिक अर्थ वस्तूच्या ओळखीवर उभा असतो. ज्यानें रहाट पाहिला त्याला ‘रहाटगाडगें’ या शब्दांत कंटाळ्याबरोबर आशाहि ऐकूं येते. कारण रिकामें गाडगें पुन्हां भरून वर येतें, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. ज्यानें रहाट पाहिला नाहीं त्याला नुसता कंटाळा ऐकूं येतो. शब्द तोच राहतो, पण त्याचा अर्धा अर्थ निघून गेलेला असतो. शहरांतल्या घरांत आतां जातें, घाणा आणि रहाट पुन्हां येतील, अशी अपेक्षा कोणी करूं नये. पण मुलाच्या तोंडीं असा एखादा शब्द आला, तर त्यामागची वस्तु कशी होती, ती कोण फिरवीत असे, आणि फिरवितांना काय म्हणत असे, एवढें त्याला सांगणें कोणत्याहि सुशिक्षित कुटुंबास कठीण नाहीं. कोशांत शब्दाचें नांव टिकतें; त्याचा पुरा अर्थ टिकावयास मात्र सांगणारा आणि ऐकणारा अशीं दोन माणसें लागतात.