मुतखड्याचं ऑपरेशन झालं, पुढे काय? स्टेंट, पाणी आणि लोकलच्या प्रवासाचं गणित

उल्हास नदीकाठच्या मोहने गावातून रोज सकाळी शेकडो लोक आंबिवली स्टेशन गाठतात. तिथून सीएसएमटी जवळपास ६० किलोमीटरवर आहे, म्हणजे सव्वा ते दीड तासाचा प्रवास. लोकलमध्ये शौचालय नसतं. त्यामुळे अनेक जण, विशेषतः महिला, घरून निघताना पाणी पिणंच टाळतात.

मुतखड्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला मात्र डॉक्टर नेमकं उलट सांगतात : भरपूर पाणी प्या. ऑपरेशननंतरचं आयुष्य कसं जाईल, हे बऱ्याच अंशी या पेचावर अवलंबून असतं.

ऑपरेशननंतर त्रास का होतो?

आज मुतखड्यासाठी पोटावर मोठा छेद क्वचितच घ्यावा लागतो. लहान खडे बाहेरून शॉकवेव्ह देऊन फोडतात. ही पद्धत १९८० साली जर्मनीतल्या म्युनिकमध्ये पहिल्यांदा रुग्णावर वापरली गेली. इतर खडे लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून लेझरने फोडले जातात. मोठ्या खड्यांसाठी पाठीतून लहान छिद्र पाडतात.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर अनेकदा किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी ठेवली जाते. तिला डीजे स्टेंट म्हणतात. सूज असताना लघवीचा मार्ग बंद पडू नये, म्हणून ती असते. पण खडा गेल्यावरही वारंवार लघवीला जावं लागणं, जळजळ, लघवी गुलाबी दिसणं, लघवी करताना कमरेत कळ येणं, हे त्रास बहुतेक वेळा या नळीमुळे होतात.

हा त्रास मोजण्यासाठी इंग्लंडमध्ये डॉ. हृषी जोशी आणि सहकाऱ्यांनी खास प्रश्नावली तयार केली. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. त्यात लघवीच्या तक्रारींबरोबरच वेदना, कामावर होणारा परिणाम आणि लैंगिक आयुष्य यांबद्दलही प्रश्न आहेत. त्यांच्या अभ्यासात स्टेंट असलेल्या दर १० पैकी जवळपास ८ रुग्णांनी त्रासदायक लक्षणं सांगितली. म्हणजे हा त्रास मनाचा खेळ नाही. टॅम्सुलोसिनसारख्या औषधांनी तो कमी होऊ शकतो. त्यामुळे गप्प बसून सहन करण्यापेक्षा डॉक्टरांना सांगावं. गर्दीच्या लोकलचा प्रवास किंवा ओझी उचलण्याचं काम असेल, तर किती दिवस सुट्टी घ्यावी हेही विचारून घ्यावं.

स्टेंट काढायला विसरलं तर?

स्टेंट कायमचा नसतो. तो साधारण काही दिवस ते काही आठवड्यांत काढतात. बऱ्याचदा जागा बधिर करून काही मिनिटांत हे काम होतं. पण दुखणं थांबलं, पुन्हा खर्च नको, गाव बदललं, अशा कारणांनी काही जण परत जातच नाहीत. मग नळीवर क्षार साचतात, तिच्यावरच नवे खडे धरतात आणि किडनीला इजा होऊ शकते. अशी नळी काढायला पुन्हा मोठं ऑपरेशन लागू शकतं.

म्हणून घरी जाण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : स्टेंट टाकला आहे का आणि तो कोणत्या तारखेला काढायचा? महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होत असतील, तर स्टेंट काढण्याचा खर्च त्यातच आहे का, हेही आधीच विचारावं.

खडा पुन्हा होतो का?

होऊ शकतो. एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढच्या ५ ते १० वर्षांत पुन्हा त्रास होतो, असं मानलं जातं. ऑपरेशन खडा काढतं, खडा होण्याची प्रवृत्ती काढत नाही.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय पाणीच आहे. इटलीतल्या १९९६ च्या एका अभ्यासात पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रुग्णांवर ५ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. भरपूर पाणी पिणाऱ्या गटात १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, तर दुसऱ्या गटात २७ टक्के लोकांना.

दिवसाला साधारण अडीच लिटर लघवी व्हावी, इतकं पाणी प्यायचं असतं. त्यासाठी बहुतेकांना ३ लिटरच्या आसपास पाणी लागतं, उन्हात किंवा भट्टीजवळ काम असेल तर त्याहून जास्त. लघवी फिकट दिसली, की पाणी पुरेसं आहे. हृदयविकार असेल किंवा किडनी नीट काम करत नसेल, तर मात्र प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

लोकलने जाणाऱ्यांनी काय करावं?

उठल्याबरोबर पाणी प्यावं, म्हणजे निघण्याआधी लघवीला जाता येतं. प्रवासात घोट-घोट प्यावं. कामावर पोहोचल्यावर आणि जेवणाच्या सुट्टीत राहिलेली भरपाई करावी. घरी परतल्यावर आणि झोपण्याआधीही प्यावं. कामाच्या जागी स्वच्छ शौचालय नसेल, तर हा सल्ला कागदावरच राहतो. त्यामुळे तिथे शौचालयाची मागणी करणं हाही या आजारावरच्या उपचाराचाच भाग आहे.

दूध, टोमॅटो बंद करायचे का?

दूध-दही सरसकट बंद करू नये. जेवणातलं कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं. इटलीतच २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीइतकं कॅल्शियम पण कमी मीठ आणि कमी मांसाहार घेणाऱ्या पुरुषांना, कॅल्शियम तोडलेल्यांपेक्षा कमी वेळा खडे झाले.

लोणचं, पापड, फरसाण कमी करावं. पालक आणि अळू यांत ऑक्झलेट जास्त असतं, म्हणून ते बेताने खावेत. लिंबूपाणी चालतं, पण त्यात मीठ नको. टोमॅटोच्या बियांचे खडे होत नाहीत. कुळथाचं कढण आहारात चालेल, पण ते तपासणीला किंवा औषधाला पर्याय नाही. काढलेला खडा तपासायला दिला, तर तो कोणत्या प्रकारचा आहे ते कळतं आणि पथ्य त्यानुसार ठरवता येतं.

लगेच दवाखान्यात कधी जावं?

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, लघवीतून रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या किंवा औषधानेही कळ थांबत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. काहीच त्रास नसेल, तरीही डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी सोनोग्राफी करून घ्यावी. मागे राहिलेला बारीक तुकडा बराच काळ न दुखताही वाढत राहू शकतो.