दृक्प्रत्ययवाद आणि अभिव्यक्तिवाद : आधुनिक चित्रकलेच्या दोन वाटा



चित्रकलेच्या इतिहासावर इतिहासाच्या शिक्षकाने लेख लिहावा, याचे आपणापैकी काहींना नवल वाटेल. मी चित्रकार नाही. परंतु काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक घडली आणि त्या चुकीनेच मला या विषयाकडे वळविले. म्हणून ती आधी सांगतो.

चित्रकलेचे शिक्षक रजेवर असल्यामुळे बदली तास म्हणून सातवीचा वर्ग माझ्याकडे आला होता. 'आपली शाळा' हा विषय मी मुलांना दिला. एका मुलाने शाळेची चुना लावलेली पांढरी भिंत काढली, तिच्यावर पडलेली कडुनिंबाची सावली काढली आणि ती सावली चक्क निळ्या-जांभळ्या रंगाने रंगविली. मी त्याचा कागद वर्गासमोर उंच धरला आणि म्हणालो, "सावली कधी जांभळी असते काय रे?" सारा वर्ग हसला. मुलाने मान खाली घातली.

आठवड्याने चित्रकलेचे शिक्षक परत आले, तेव्हा गंमत म्हणून मी त्यांना हा किस्सा सांगितला. ते हसले नाहीत. दुपारी चारच्या सुमारास त्यांनी मला मैदानात नेले आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "सर, ही सावली आहे हे थोडा वेळ विसरा. नुसता रंग पाहा." मी पाहिले. सावली काळी नव्हती, निळसर होती. ऊन जेथे पोहोचत नाही, तेथेही निळ्या आकाशाचा उजेड पोहोचतच असतो, हे त्या दिवशी मला प्रथम कळले. मुलाने डोळ्यांना दिसले ते रंगविले होते. मी मात्र मला जे 'ठाऊक' होते त्याच्या जोरावर त्याला चूक ठरविले होते.

पुढे या विषयावरची पुस्तके वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की माझ्यासारखीच चूक पॅरिसमधील मोठमोठ्या जाणकारांनीही केली होती.

एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये चित्रकाराचे भवितव्य 'सलों' नावाच्या सरकारमान्य प्रदर्शनावर अवलंबून असे. तेथील परीक्षक मंडळाने चित्र स्वीकारले तर गिऱ्हाईक मिळे, नाकारले तर उपासमार ठरलेली. परीक्षकांना हवी असत पुराणातील व इतिहासातील दृश्ये, आणि तीही गुळगुळीत हाताने, चित्रशाळेच्या बंद खोलीत बसून रंगविलेली. १८६३ साली या मंडळाने इतकी चित्रे नाकारली की बादशहा तिसरा नेपोलियन याला नाकारलेल्यांचे वेगळे प्रदर्शन भरविण्याचा हुकूम द्यावा लागला. एदुआर माने याचे जे चित्र पुढे जगप्रसिद्ध झाले, त्याची तेथे येणाऱ्या लोकांनी मनसोक्त टिंगल केली.

अशा वातावरणात काही तरुण चित्रकार एकत्र आले. क्लोद मोने, ऑग्युस्त रन्वार, कामी पिसारो, आल्फ्रेद सिस्ले, एद्गार दगा, पॉल सेझान आणि स्त्री चित्रकार बेर्त मोरिझो ही त्यांतील प्रमुख नावे. १५ एप्रिल १८७४ रोजी त्यांनी स्वतःच्या हिमतीवर पॅरिसमध्ये आपले प्रदर्शन उघडले. नादार नावाच्या छायाचित्रकाराचा जुना स्टुडिओ हीच त्यांची प्रदर्शनाची जागा. त्यात मोनेने ल आव्र बंदरावरील पहाटेचे एक चित्र लावले होते. धुके, पाण्यात दोन-तीन होड्या आणि एक नारिंगी सूर्य, एवढेच त्यात होते. चित्राच्या नावात 'इंप्रेशन' म्हणजे मनावर उमटलेला ठसा हा शब्द होता. लुई लरुआ या टीकाकाराने तोच शब्द उचलून सर्व मंडळींना 'इंप्रेशनिस्ट' म्हणून हिणवले. थट्टेने दिलेले हे नाव पुढे मानाचे ठरले. मराठीत त्याला आपण दृक्प्रत्ययवाद म्हणतो.

विद्यार्थी मित्रांनो, इतिहासात कोणतीही गोष्ट आकाशातून पडत नाही, तिला कारणे असतात. या चळवळीचीही कारणे पाहण्यासारखी आहेत. पूर्वी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवीत. ती बाहेर नेणे जिकिरीचे असे. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाची नळी शोधून काढली आणि रंगाची पेटी बगलेत मारून शेतात जाऊन बसणे चित्रकाराला शक्य झाले. आगगाडीमुळे पॅरिसचा माणूस सकाळी निघून नदीकाठी चित्र काढून संध्याकाळी घरी येऊ लागला. १८३९ साली छायाचित्रणाची कला जगापुढे आली, तेव्हा हुबेहूब नक्कल करण्याचे काम यंत्राने उचलले. त्याच वर्षी शव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने रंगांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. एका रंगाशेजारी दुसरा रंग ठेवला म्हणजे दोन्ही कसे बदललेले भासतात, हे त्याने दाखवून दिले. जपानमधून येणाऱ्या ठशांच्या चित्रांनी मांडणीची नवी रीत शिकविली. एक नळी, एक आगगाडी, एक यंत्र आणि एक शास्त्रीय ग्रंथ, एवढ्यांच्या आधारावर ही 'कलेची क्रांती' उभी राहिली.

मोनेने तर या मार्गाने जाण्याची परिसीमा गाठली. १८९० च्या सुमारास त्याने आपल्या घराजवळच्या शेतातील गवताच्या गंजी पुन्हा पुन्हा रंगविल्या. सकाळच्या, संध्याकाळच्या, उन्हातल्या आणि बर्फातल्या. नंतर रूआं शहराच्या चर्चची दर्शनी बाजू त्याने तीसपेक्षा अधिक वेळा रंगविली. गंज तीच, इमारत तीच. बदलत होता तो उजेड. चित्राचा खरा विषय वस्तू नसून प्रकाश आहे, हे त्याने सिद्ध केले. १८७४ ते १८८६ या काळात या मंडळींची आठ प्रदर्शने झाली. ज्यांना आरंभी पोटभर अन्नही मिळत नव्हते, त्यांच्या चित्रांचे पुढे काय झाले? मोनेच्या याच गंजींपैकी एक चित्र २०१९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात अकरा कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेले. मात्र किंमत वाढली म्हणून ते चित्र चांगले ठरले असे नव्हे. चांगले ते पहिल्या दिवसापासूनच होते.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. गवताच्या गंजीचे असेच एक चित्र १८९६ च्या सुमारास मॉस्कोच्या प्रदर्शनात लागले होते. व्हासिली कँडिन्स्की नावाचा कायद्याचा एक तरुण अध्यापक ते पाहावयास गेला. चित्रात काय आहे ते त्याला ओळखताच येईना. यादी पाहिली तेव्हा कळले की ती गवताची गंज आहे. प्रथम त्याला राग आला. मग लक्षात आले की वस्तू ओळखू न येताही ते चित्र मनातून जात नाही. वस्तूशिवायही चित्र बोलू शकते, ही ठिणगी तेथे पडली. कँडिन्स्कीने प्राध्यापकी नाकारली आणि चित्रकला शिकण्यासाठी म्युनिक गाठले. एका वाटेचा शेवट आणि दुसरीचा आरंभ असा एकाच चित्रापाशी झाला.

ही दुसरी वाट म्हणजे अभिव्यक्तिवाद, अर्थात एक्स्प्रेशनिझम. दृक्प्रत्ययवादी विचारी, "मला काय दिसते?" अभिव्यक्तिवादी विचारी, "मला काय वाटते?" या वाटेवर आधी दोघेजण चालून गेले होते. हॉलंडचा व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८८६ मध्ये पॅरिसला आला, दृक्प्रत्ययवाद्यांकडून उजळ रंग शिकला आणि मग त्याच रंगांत त्याने स्वतःची तळमळ ओतली. १८९० मध्ये वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी तो गेला. दुसरा नॉर्वेचा एडवर्ड मुंक. आई आणि मोठी बहीण दोघीही क्षयाने गेलेल्या या माणसाने १८९३ मध्ये 'किंकाळी' हे चित्र काढले. त्यातील आकाश रक्तासारखे लाल आहे. तसे ते कोणाला दिसते की नाही हा प्रश्नच नाही. भ्यालेल्या माणसाला ते तसे वाटते. त्याआधी, १८९२ मध्ये, बर्लिनच्या चित्रकारसंघाने मुंकला सन्मानाने बोलावून त्याचे प्रदर्शन आठवड्यातच बंद केले होते.

१९०५ मध्ये ड्रेस्डेन येथे वास्तुशास्त्र शिकणाऱ्या चार विद्यार्थ्यांनी 'पूल' नावाचा गट स्थापन केला. त्यांचा अग्रणी एर्न्स्ट लुडविग किर्शनर. १९११ मध्ये म्युनिकला कँडिन्स्की व फ्रान्झ मार्क यांनी 'निळा घोडेस्वार' हा दुसरा गट काढला. मार्क घोडे निळे रंगवी. घोडा निळा नसतो हे त्याला ठाऊक नव्हते काय? होते. त्याला घोड्याची कातडी नव्हे, त्याची शांतता रंगवायची होती. हाच मार्क १९१६ मध्ये व्हर्दनच्या रणांगणावर मारला गेला. किर्शनर सैन्यात जाऊन मनाने खचून परतला. १९१५ च्या आत्मचित्रात त्याने गणवेशातील स्वतःचा उजवा हात तुटलेला दाखविला आहे. प्रत्यक्षात त्याचा हात शाबूत होता. चित्रकार म्हणून आपण संपलो, हे त्याला सांगायचे होते. केटे कोल्विट्झ या स्त्री चित्रकाराचा मुलगा १९१४ मध्येच युद्धात पडला. मुलांना कवटाळणाऱ्या आयांची तिची चित्रे पाहताना कोणत्याही आईच्या पोटात कालवाकालव होईल.

मग हिटलरची राजवट आली. हसण्यावर भागेना, तेथे हुकूम आला. संग्रहालयांतून हजारो आधुनिक चित्रे व शिल्पे जप्त झाली. जुलै १९३७ मध्ये म्युनिक येथे 'अधःपतित कला' या नावाचे प्रदर्शन भरविण्यात आले. सुमारे साडेसहाशे कलाकृती मुद्दाम वेड्यावाकड्या टांगून भिंतींवर टवाळीची वाक्ये लिहिली होती. किर्शनरची सहाशेहून अधिक कामे जप्त झाली. पुढल्या वर्षी त्याने स्वतःच्या जीवनाचा अंत केला. वर्गातील हशा आणि राजसत्तेची जप्ती यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मान्य. तरीही 'मला कळत नाही, म्हणून ते वाईट' हे मूळ दोहोंकडे एकच आहे.

या जुलमाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. नाझी राजवटीमुळे देश सोडून आलेले ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर मुंबईच्या एका मोठ्या इंग्रजी दैनिकात कला-संचालक झाले. समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर हेही तसेच येथे आलेले. युरोपातील नव्या चित्रकलेची ओळख त्यांनी येथील तरुणांना करून दिली. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्या तरुणांना यांचा मोठा आधार मिळाला. त्यात गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा होते, पंढरपुरात जन्मलेले आणि सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेले मकबूल फिदा हुसेन होते, सय्यद हैदर रझा होते, घरगडी म्हणून राबलेले कृष्णाजी आरा होते, तसेच गाडे आणि बाकरेही होते. यांनी युरोपची नक्कल केली नाही. दिसते ते निर्भयपणे पाहावे आणि वाटते ते निर्भयपणे मांडावे, एवढे तेथून घेतले आणि चित्रे मात्र इथल्या मातीची काढली.

पालकहो, प्रत्येक मुलाला चित्रकार करा असे माझे म्हणणे नाही. गणित, शास्त्र, भाषा यांना पर्याय नाही, हे मीही वर्गात रोज सांगतो. परंतु आपला मुलगा किंवा मुलगी झाड लाल रंगवून तुमच्यापुढे आणील, तेव्हा "असे झाड कोठे असते?" म्हणण्याआधी "तुला असे का दिसले?" एवढे विचारून पाहा. उत्तर ऐकण्यास दोन मिनिटे लागतात. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही एक लक्षात ठेवा. मोने आणि कँडिन्स्की यांनी नियम मोडले ते कंटाळा आला म्हणून नव्हे, तर वर्षानुवर्षे मेहनत करून. एकच गंज पुन्हा पुन्हा रंगविण्याची चिकाटी ज्याच्याजवळ आहे, त्यालाच नवे काही दिसते.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. दुसऱ्याच दिवशी मी सर्व वर्गाला मैदानात नेले, भिंतीवरची सावली दाखविली आणि त्याची सर्वांसमक्ष माफी मागितली. मुले आश्चर्याने भिंतीकडे पाहत राहिली. तो मात्र माझ्याकडे पाहून नुसता हसला. परंतु त्यानंतर मी पुन्हा बदली तासाला गेलो, तेव्हा त्याच्या चित्रातील सावली काळी होती. मी काही बोललो नाही. ती काळी सावली मी घातलेली होती, आणि ती पुसण्यास एक माफी पुरेशी नव्हती. आपल्या घरात व वर्गात अशी सावली कोणाच्या कागदावर पडू नये, याचसाठी हा लेखनप्रपंच.