ठिपके

खिशातल्या घडीच्या चाकूंचा नाद मला पेनसिल्व्हेनियात लागला. 'केस' कंपनीचे चाकू तिथल्याच ब्रॅडफर्ड गावात बनतात. गंमत त्यांच्या शिक्क्यात आहे. पातं मुठीत शिरतं तिथे, मुळाशी, तो असतो. १९६४ पर्यंत नुसतं 'केस एक्सएक्स', १९६५ पासून खाली 'यू.एस.ए.'. १९७० मध्ये त्याखाली चक्क दहा ठिपके आले आणि दरवर्षी त्यातला एकेक कमी होत गेला. आठ ठिपके म्हणजे १९७२. आहे की नाही सोपं? आकडेही बोलतात. ६२५४ मधला ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती आणि ५४ म्हणजे ट्रॅपर हा घाट.

असाच एक ट्रॅपर जुन्या बाजारात एका म्हाताऱ्याने मला विकला. त्याच्या वडिलांचा. ते १९७४ साली गेले म्हणे. "मला आता दिसत नाही, ठिपके मोजून कळव. शेवटच्या वर्षात माझ्यासाठीच घेतला होता की काय, ते बघायचंय."

घरी आलो. गंज बघवेना, म्हणून आधी पॉलिशच्या चाकावर धरला. पातं आरशासारखं झालं हो! ठिपके मात्र गंजाबरोबर गेले. घासलेल्या पात्याला जाणते संग्राहक हात लावत नाहीत, हे मला पुढे कळलं. असो, पैशाचं काही नाही.

रविवारी त्याचा फोन आला. "किती?"

"सात," मी म्हणालो.